कागदावर नऊ, मशीनवर दहा

जय ख्रिस्त भाऊ,

पत्र लांबलंय म्हणून तुम्ही माफी मागितलीत, ती नको होती, इतकं खरं खरं कुणी लिहीत नाही हो आजकाल. वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. भाऊंचं बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन, तीन जुन्या लेथ, हायड्रॉलिकवाल्यांच्या पिना, बुश असलं टर्निंगचं जॉबवर्क करतात. वडिलांनी एका लेथवर सुरू केलेलं, आता हे बघतात, हिशेब बायको बघते. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, मराठी उपासनेला जाणारं. त्यांचे प्रश्न असे. गेल्या खंडेनवमीला कामगारांनी मशीनना हार घातले, पूजा केली, ते पाळकसाहेबांच्या कानावर गेलं आणि ते म्हणाले ख्रिस्ती माणसाच्या शॉपमध्ये हे चालता कामा नये, आता दसरा परत जवळ आलाय, काय करू, पूजेचे चुरमुरे वाटले तर घ्यावेत का. बोर्डावर वचन लिहावं का. रविवारी अर्जंट काम आलं तर शॉप चालवावं का. आणि एका कंपनीकडं चार महिन्यांचं पेमेंट अडकलंय, त्यांच्या मागं लागणं, तक्रार करणं विश्वासणाऱ्याला शोभतं का, दुसरा गाल पुढं करायला सांगितलंय ना.

हे झाले प्रश्न. पण पत्राच्या मधेच, बोलता बोलता, भाऊंनी आणखी तीन गोष्टी लिहिल्यात ज्यांबद्दल त्यांनी काही विचारलेलंच नाही. दशांश, म्हणजे मिळकतीतला देवाचा दहावा हिस्सा, मंडळीला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी न चुकता जातो, पगार मात्र कधी १२ ला कधी १५ ला. इन्स्पेक्शन रिपोर्ट सगळे भरतात तसाच आम्हीपण भरतो. आणि शॉपमध्ये माणसं दहा आहेत पण कागदावर नऊच ठेवलीत.

भाऊ, तुम्ही विचारलेल्याची उत्तरं देते मी, पण माझा जीव अडकलाय तो न विचारलेल्या तीन गोष्टींत. रागावू नका. आमचंही शॉप तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडं होतं, आमचे हे गेल्यावर २२ वर्षं मी ते चालवलं, कामगार मला अक्का म्हणायचे, आणि तुम्ही जे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मी स्वतः केलंय.

खंडेनवमीचं आधी घेते कारण त्याला तारीख आहे. घाटावरच्या वाचकांना कदाचित कळणार नाही, पण इकडं कर्नाटकात आयुधपूजा म्हणजे दिवाळीएवढा सण, उद्यमबाग काय मच्छे काय, फौंड्रीपासून पंक्चरच्या दुकानापर्यंत आदल्या दिवशी सगळ्या मशीन पुसून, चिप्स काढून, तेल घालून लख्ख करायच्या, दुसऱ्या दिवशी झेंडूचे हार, कोहळा, ऊदबत्ती, चुरमुरे वाटायचे, मालकानं मिठाईचा बॉक्स आणि पाकीट द्यायचं. वर्षभर ज्या मशीनवर दुसऱ्याचं काम करायचं ती त्या एका दिवशी कामगाराची स्वतःची असते, हे मला फार उशिरा कळलं.

हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी खंडेनवमीला शॉपला कुलूप लावलं. सकाळी साडेआठला सातजण नवे शर्ट घालून, हातात हार घेऊन गेटबाहेर उभे. मी आतनंच सांगितलं, आज सुट्टी, जावा घरी. एकजण म्हणाला, अक्का, पोट भरतंय ही मशीन आमचं, हिला एक फूल घालायचं न्हाई? मी म्हटलं नाही. आमचा सगळ्यात जुना टर्नर यळ्ळूरहून सायकलनं यायचा, तो काही बोलला नाही, हार गेटच्या कडीला अडकवला आणि गेला. तो हार तिथंच वाळला, काढायची मला हिंमत झाली नाही. त्या दिवशी मला वाटलं मी प्रभूसाठी उभी राहिले. पण त्याच महिन्यात त्याच टर्नरचा ओव्हरटाइम मी सिंगल रेटनं लावला होता, डबल द्यायचा असतो हे माहीत असून, आणि तेव्हा मला प्रभूची आठवण झाली नव्हती. हे मला दोन-तीन वर्षांनी एका रात्री हिशेबाची वही बघताना लक्षात आलं आणि मी खूप रडले भाऊ.

शास्त्रात नामानाची गोष्ट आहे, कोडाच्या रोगातून बरा झालेला अरामाचा सेनापती. सगळे यार्देनेत सात बुडक्या मारल्या तेवढंच सांगतात आणि थांबतात, पण त्याच्या पुढचं वाचा. तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की इथून पुढं मी दुसऱ्या देवाला यज्ञ करणार नाही, पण एक अडचण आहे, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करायला जातो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं परमेश्वरानं मला माफ करावं. आणि अलीशा त्याला लेक्चर देत नाही, नोकरी सोड म्हणत नाही. शांतीनं जा, एवढंच. मी हे वचन सगळीकडं वापरा असं म्हणत नाही, ज्याला ज्याला जड जातं ते टाळायला सोयीचं वचन शोधायची सवय आपल्याला असते. पण ज्या माणसाचं मन खरंच वळलंय आणि जो दुसऱ्यांच्या जगात काम करतो त्याच्याशी देवाचा माणूस किती हळुवार बोलला ते बघा.

म्हणून माझं मत असं. तुम्ही स्वतः पूजा करू नका, आरतीचं ताट हातात घेऊ नका, मालक म्हणून कोहळा तुम्ही फोडा असा आग्रह झाला तर सरळ सांगा, मी ख्रिस्ती आहे, मी हे करत नाही, पण दिवस तुमचा आहे. असं तोंडावर सांगितलं की कुणी वाईट मानत नाही, वाईट वाटतं ते तोंड फिरवलं की. आदल्या दिवशी मशीन साफ करायला मात्र त्यांच्याबरोबर उतरा, कूलंटच्या टाकीत हात घाला, त्यात काही मूर्तिपूजा नाही. सकाळी ते यायच्या आधी शॉपमध्ये एकटे जाऊन एकेका मशीनपाशी उभे राहा आणि त्या मशीनवर काम करणाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करा, त्याच्या बोटांसाठी, डोळ्यांसाठी, घरच्यांसाठी. मी पुढं अशीच करायला लागले. बिहार-ओडिशाकडची पोरं आता बऱ्याच शॉपमध्ये आहेत, त्यांची विश्वकर्मा पूजा १७ सप्टेंबरला असते, त्यांनाही हेच लागू.

चुरमुऱ्यांचं विचारलंत. करिंथच्या मंडळीला पौलानं लिहिलंय की बाजारात मिळतं ते विवेकासाठी चौकशी न करता खा, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. तिथं प्रश्न पदार्थाचा नाही, समोरच्या माणसाचा आहे. मी घ्यायची. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत घेत नव्हत्या. दोघी एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घ्यायचो, त्यांनी मला कधी कोमट म्हटलं नाही आणि मी त्यांना कर्मठ म्हटलं नाही.

पाळकसाहेबांना टाळू नका बरं का. त्यांनी काळजीनं सांगितलंय. त्यांना एखाद्या कामाच्या दिवशी शॉपवर बोलवा, चहा द्या, माणसांची ओळख करून द्या, बहुतेक पाळकांनी आपल्या मंडळीतल्या माणसाचं कामाचं ठिकाण बघितलेलंच नसतं.

बोर्डाचं आणि रविवारचं पटकन सांगते. बोर्ड साधा ठेवा. २०२४ पासून इकडं बोर्डाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये लागतो म्हणजे वचन लिहिलंत तर तेही कन्नडमधून मोठं लिहाल, त्याला माझी काही हरकत नाही, देवाचं वचन कुठल्याही भाषेत गोड, पण बोर्डावर वचन लावलं की ज्या दिवशी तुमचा माल रिजेक्ट होतो त्या दिवशी ते वचनपण रिजेक्ट होतं. १८२० साली लंडन मिशनची माणसं बेळगावात आली, तेव्हापासून दोनशे वर्षं आपण इथं मूठभरच आहोत, आणि गावानं आपल्याला ओळखलं ते शाळेत कसं शिकवलं, दवाखान्यात कसं वागवलं यावरनं. रविवारी शॉप बंद ठेवा. पण हे नीट ऐका, बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा आहे तिथं कारण दिलंय की तुझ्या दासादासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. तेव्हा तुम्ही उपासनेत आणि तीन पोरं फर्स्ट शिफ्टला, याला रविवार पाळणं म्हणत नाहीत. खरंच कधी कुणाचं मशीन ब्रेकडाउन झालं आणि पार्ट आजच लागतोय तर जावा, स्वतः जावा, ज्याला बोलवाल त्याला बदली सुट्टी आणि डबल पैसे द्या. दर महिन्याला चार रविवार अर्जंट निघायला लागले तर तो ब्रेकडाउन नाही, तुम्ही झेपेना एवढं काम उचललंय.

आता पगार.

तुम्ही लिहिलंय, काही झालं तरी देवाचा वाटा आधी. वाचून मला पोटात कसंतरी झालं कारण हे वाक्य मी स्वतः मंडळीत साक्ष देताना बोललेय. पण भाऊ, तुमच्या खात्यात महिन्याच्या शेवटी जे पैसे पडलेले असतात त्यातले पगाराचे पैसे तुमचे नाहीतच. माणसानं काम केलं, महिना संपला, त्या क्षणाला ते त्याचे झाले, फक्त अजून तुमच्या खात्यात आहेत. त्यातनं काढून पाकिटात घातलेला दशांश हा कुणाच्या पैशातला दशांश? लेवीय पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत तुझ्याकडं राहू देऊ नको. अनुवादात तर सूर्य मावळायच्या आत द्या म्हटलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या मजुरीवर लागलेलं असतं, आणि हे फक्त आपल्या भाऊबंदासाठी नाही, गावात राहायला आलेल्या परक्यासाठीही. याकोबाच्या पत्रात आहे की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. मजूर ओरडतो असं नाही म्हटलं फक्त, मजुरीच ओरडते, आणि ते देवाच्या कानापर्यंत जातं. कर्बानाची गोष्टपण बघा, आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं असं म्हणून मोकळं होणाऱ्यांवर प्रभू येशू किती चिडला.

आपला कायदाही महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्या म्हणतो, म्हणजे शास्त्रापेक्षा बरीच सवलत देतो. १५ तारखेला पगार झाला की काय होतं ते तुम्हाला दिसत नाही कारण तुमच्यासमोर कुणी बोलत नाही. खानापूरकडनं येणाऱ्याचा बसपास संपलेला असतो, दुकानदार उधारी बंद करतो, बायको भिशीचा हप्ता चुकवते आणि चार बायकांत तिला मान खाली घालावी लागते, पोराची फी राहते. हे सगळं तुमच्या पत्रातल्या त्या आठ दिवसांत होतं.

तेव्हा पुढच्या महिन्यापासून क्रम उलटा करा. एक वेगळं खातं काढा, फक्त पगाराचं. कुठलंही पेमेंट आलं, छोटं असो मोठं असो, त्यातला पगाराचा हिस्सा त्याच दिवशी तिकडं टाका, नंतर स्टीलवाला, नंतर ईएमआय, नंतर घर. एका महिन्याचा पगार तिथं शिल्लक पडेपर्यंत नवीन मशीनचा विचार करू नका, सेल्समन कितीही मागं लागू दे. ज्या कंपन्या ९० दिवसांनी देतात त्यांच्यावरच शॉप चालवू नका, आठवड्याला रोख देणारं रिपेअरचं, शेतीच्या अवजारांचं थोडं कामही धरा, रेट कमी असला तरी. एवढं करून दशांश एखाद्या महिन्यात उशिरा गेला तर मंडळीच्या खजिनदारांना सांगा की उशीर होईल. देव थांबतो. यळ्ळूरचा दुकानदार थांबत नाही. आणि हिशेब बायको बघते म्हणता तर हे तिच्याबरोबर बसून ठरवा, तंबू करायचा धंदा अक्विल्ल आणि प्रिस्किल्ल या नवराबायको दोघांचा होता असंच शास्त्रात लिहिलंय. मला वाटतं पगाराच्या तारखेचं तिला तुमच्याआधी खुपत असेल.

रिपोर्टचं आता. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय कारण यात उद्यमबागेतलं कुणीच हात वर करून मी नाही म्हणू शकणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माल पाठवताना बरोबर एक रिपोर्ट जातो, ड्रॉइंगमधलं माप काय, किती कमी-जास्त चालतं, आणि प्रत्यक्षात पीस किती भरला. ५०० पीसच्या लॉटमधले समजा १० पीस मोजून त्यांची रीडिंग लिहायची असतात. होतं काय की गाडी दारात उभी असते, पोरगा दोन पीस मोजतो आणि उरलेल्या आठांची रीडिंग मनानं लिहितो, सगळी आकडेवारी अशी सुंदर, मधल्या मापाच्या आसपास, कधी ०.००५ वर कधी खाली. तुम्ही लिहिलंय की मागच्या महिन्यात ४० पीस अंडरसाइज निघाले होते, कंपनीचा माणूसच फोनवर म्हणाला की रिपोर्ट ओके लिहा, घुसवून टाकू, आणि तुम्ही लिहिलात.

आपण खोट्या तराजूचं वचन लहानपणापासून पाठ करतो आणि आपल्या डोळ्यांसमोर भाजीवाली येते. पण लेवीयमधलं वचन काढून बघा, लांबीचं माप, वजन आणि पदार्थाचं माप यांत अन्याय करू नका असं आहे. लांबी आधी आहे भाऊ! आपला मायक्रोमीटर त्यात येतो, व्हर्नियर येतो, गो नो-गो गेज येतो. झिरो न तपासलेला मायक्रोमीटर म्हणजेच खोटा तराजू, आणि न मोजता लिहिलेली रीडिंग म्हणजे तराजूच न वापरता सांगितलेलं वजन. टर्निंगमध्ये मोठा राहिलेला व्यास परत घेता येतो, कमी झालेला वाढत नाही. ती पीन कुठल्यातरी टिपरच्या किंवा जेसीबीच्या सिलिंडरमध्ये बसते आणि तिच्याखाली कुणीतरी उभा असतो. तो तुम्हाला कधीच भेटणार नाही, म्हणून तर त्याच्या वतीनं देव मापाचं बोलतो.

काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी स्वतःच्या मापाच्या साधनांची यादी करा आणि ज्यांचं कॅलिब्रेशन संपलंय ती मान्यताप्राप्त लॅबमधनं करून घ्या, वर्षाला एकदा तरी. लिहिताना जेवढे मोजले तेवढेच लिहा. १० मोजायला वेळ नसेल तर ५ लिहा आणि खाली ५ मोजले असं लिहा, कंपनी ओरडेल, ओरडू दे. पीस बाद निघाले तर लाल टॅग लावून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि कंपनीच्या क्वालिटीला मेल टाका की इतके पीस, इतकं माप, डेव्हिएशन म्हणजे मापात सूट देता का. बऱ्याच वेळा ते देतात, कारण ती जागा तेवढी नाजूक नसते, ड्रॉइंगवाल्यांनी टॉलरन्स उगाच घट्ट दिलेला असतो. पण ते त्यांनी ठरवायचं, लेखी, इंजिनिअरच्या सहीनं, फोनवर खरेदीवाल्यानं नाही. नाही दिलं तर मटेरियलचे पैसे कापल्याची डेबिट नोट घ्यायची आणि सोसायचं.

आणि ते ४० पीस? ते गेलेत, बसलेतही असतील. तरी कळवा. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी प्रभू गेला तेव्हा जक्कय काय म्हणाला, कुणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत देतो. तुमच्याकडं चौपट देण्यासारखं काही नसेल पण लॉट नंबर तर आहे. लॉट नंबर घालून क्वालिटीला मेल करा, ते शोधून काढतील किंवा तपासून चालतं म्हणतील, निर्णय त्यांचा.

प्रामाणिकपणा केला की धंदा वाढतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी असा एक मेल केला होता, बुशचा लॉट होता. कंपनीनं माल परत पाठवला, डेबिट टाकला आणि ते काम दुसऱ्याला दिलं. ते काम परत कधी आलं नाही. दोन लेथ तीन महिने जवळजवळ रिकाम्या होत्या आणि मी बांगड्या गहाण ठेवून पगार दिला. त्यातनं काही चमत्कार झाला असं सांगायला मला आवडलं असतं. झोप मात्र लागायची, आणि एक झालं की आमची पोरं त्यानंतर खरं मोजायला लागली, न सांगता, कारण त्यांनी बघितलं की अक्का खोटं लिहायला लावत नाही. मी त्यांना कधी सुवार्ता सांगितली असेल तर ती तीच.

अडकलेल्या पेमेंटचं. दुसरा गाल पुढं करा हे खरं, पण तुमचा गाल. दहा कामगारांचा गाल पुढं करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? त्या चार महिन्यांच्या पैशात त्यांचा पगार आहे. तेव्हा मागा, शांतपणे आणि कागदावर. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, नसेल तर आजच करा, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका, आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही आलंय की मुदत उलटून गेलेलं असं देणं वर्षअखेरीला बाकी राहिलं तर ते देईपर्यंत कंपनीला तो खर्च धरता येत नाही, त्यामुळं मार्चच्या आधी त्यांच्या अकाउंटवाल्यांना आठवण केली की ते जरा लवकर हलतात. एवढ्यावरही नाही दिलं तर छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

पण लगेच तक्रारीला जाऊ नका. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात भावाविषयी जी पायरी सांगितलीय ती धंद्यातही उपयोगी पडते, आधी एकट्यानं जाऊन बोला, मालकाला भेटा, खरेदीवाल्याला नाही, लेजर घेऊन जावा, आम्ही पगार थांबवलाय असं खरं कारण सांगा. मग दुसऱ्याला घेऊन जावा, सीए असेल किंवा असोसिएशनमधलं कुणी वडीलधारं. मग लेखी नोटीस. मग तक्रार. व्याज मागायचं की सोडायचं ते शेवटी ठरवा, सोडलंत तर ते तुमचं देणं असेल, तुमच्या वाट्यातलं. आणि कुणाकडं पैसे मागायला जाताना आपण स्टीलवाल्याचे, टूलवाल्याचे किती दिवस थांबवलेत तेपण बघून जावा.

राहिला तो दहावा.

तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय, कागदावर नऊ ठेवलेत कारण दहा झाले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी दवाखान्याचा विमा, लागतं. खरं आहे, लागतं, तुमचा हिस्सा ३.२५ टक्के आणि त्याचा ०.७५ टक्के. माझ्या हिशेबानं एका माणसाचं लपवणं म्हणजे दहाही जणांचा दवाखाना लपवणं झालं, कारण एकाला कागदावर आणलं नाही म्हणून उरलेल्या नऊजणांनाही काही मिळत नाही. यात २१,००० च्या आत पगार असलेले सगळे येतात, म्हणजे तुमच्याकडचे बहुतेक. तुम्ही त्याचं वर्णन केलंय म्हणून मला तो डोळ्यासमोर दिसतोय, खानापूरच्या पुढनं येतो, जेमतेम चोविशीचा, पॅकिंग आणि डिबरिंग, म्हणजे पीसच्या कडेची धार काढायचं काम, करतो, बायकोला सातवा महिना आहे. नाव लागल्या दिवसापासून त्याला आणि घरच्यांना दवाखाना मिळतो, थांबावं लागत नाही.

दर रविवारी प्रार्थनेत तुम्ही त्याचं नाव घेता असंही लिहिलंय तुम्ही. सोमवारी तेच नाव रजिस्टरमध्ये लिहा भाऊ, त्याला आधार कार्डाची झेरॉक्स आणायला सांगा आणि तुमच्या सीएला फोन करा. सातवा लागलाय म्हणताय, दोनच महिने आहेत हातात.

तुमची,
अक्का